मी वीस किलोचा नाही

मी एक जुना ठोकळा आहे. बिडाचा, काळा, चौकोनी, डोक्यावर धरायला जाड कडी असलेला. माझ्या छातीवर ठसठशीत अक्षरांत ‘२० किलो’ असे कोरलेले आहे आणि मित्रांनो, माझी सगळी कहाणी या आकड्याचीच आहे. तुम्ही इलेक्ट्रॉनिक काट्याच्या काळातली मुले. माझ्यासारखा एखादा तुम्हाला दिसला असेल तर दुकानाच्या दाराला टेकवलेला, नाहीतर ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवलेला. मी मात्र सध्या शिरूर कासारच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात असतो आणि मला उचलायला बायका नंबर लावतात. ही बढाई वाटली तर वाटू द्या. एवढ्या वजनाचा असामी थोडे जड बोलणारच.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका ओतशाळेत झाला. ओतीव लोखंडाला बीड म्हणतात, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? तर मी बिडाचा जन्मलो आणि ट्रकात बसून आलो तो बीड जिल्ह्यातच. आमच्या जातीच्या प्रत्येक मापाच्या तळाशी एक खळगा ठेवलेला असतो. माप किंचित हलके भरले तर त्या खळग्यात शिसे ओतून ते बरोबर करतात आणि त्या शिशावर सरकारी शिक्का ठोकतात. तो शिक्का म्हणजे आमची मुंजच म्हणा. माझीही झाली. तेव्हा मी खरोखर वीस किलोचा होतो, रतीभरही इकडे-तिकडे नाही.

शिरूरच्या बाजारात सुंदररावांचे आडत दुकान होते. आजूबाजूच्या गावांतले लोक बाजरी, तूर, मूग घेऊन तिथे विकायला यायचे. दुकानात मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात मी आणि दुसऱ्या पारड्यात लोकांचे धान्य. माझ्याबरोबर दहा किलोचे, पाच किलोचे आणि दोन किलोचे माप होते, पण थोरला मी. मोजायचे काम सुंदरराव स्वतः करायचे. त्यांचा आवाज खणखणीत. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे, अशी आमच्याकडची जुनी रीत आहे. “लाभ... दोन... तीन...” असा त्यांचा सूर लागला की रस्त्यावरच्या माणसालाही कळायचे, सुंदररावांकडे माल उतरला. मला त्या वेळी फार ऐट वाटायची. माझ्याशिवाय कुणाच्या कष्टाला आकडा मिळत नव्हता.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही शरम वाटते, पण ती गाळली तर पुढचे काही कळणार नाही.

एका वर्षी सुंदररावांना हाव सुटली. त्यांनी मला पोत्यात गुंडाळून एका लोहाराकडे नेले. माझ्या तळाचे शिसे काढले, खळगा मोठा कोरला, त्यात भरपूर शिसे ओतले आणि शिक्क्याची जुनी चकती वरून पुन्हा बसवून टाकली. मी दीड किलोने जड झालो. छातीवर मात्र वीसच. तुम्ही हिशेब करून बघा, मी पारड्यात बसलो की समोरच्याला दर मापामागे दीड किलो धान्य फुकट घालावे लागायचे. तपासणीला साहेब यायचे तेव्हा मी पोत्यांच्या थप्पीमागे दडायचो आणि शेजारच्या दुकानातला खरा भाऊ माझ्या जागी बसायचा. लोक म्हणायचे, घरी मोजलेले पोते इथे कमी भरते. सुंदरराव म्हणायचे, बाजरी वाळली असेल. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला तोंड असते तर मी तिथेच ओरडलो असतो. पण लोखंडाला तोंड नसते.

पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तराजू भंगारात गेला आणि आम्हा भावंडांना कोपरा दाखवला गेला. दुकान सुंदररावांच्या मुलाने हाती घेतले. आता तिथे पेंड आणि बियाणे मिळते. बारा-तेरा वर्षे मी दाराला अडसर होतो. माझ्या कडीला शेळी बांधायचे. अंगावर गंजाचे पापुद्रे आले. तुम्हाला वाटेल, खोट्या मापाची हीच शिक्षा बरी. मलाही तसेच वाटायचे. रिकामे पडून राहिले की मन स्वतःलाच खाते आणि अंगही कुजते, हे मी तेव्हा शिकलो.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी मोहिनी मॅडम दुकानात आल्या. त्या पाठीची, गुडघ्याची दुखणी व्यायामाने बरी करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. बीडहून आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, शिरूरच्या दवाखान्यात यायच्या. त्यांना बायकांकडून वजने उचलून घ्यायची होती आणि त्यासाठी लागणारे साहित्य काही अजून आले नव्हते. तुमची जुनी मापे पडून असतील तर द्या, असे त्यांनी सुंदररावांच्या मुलाला सांगितले. मुलाने आम्हा चौघांना हातगाड्यावर चढवले. सुंदरराव ओट्यावर बसलेले होते. मी निघालो तेव्हा त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. मी ते पाहिले.

दवाखान्यात माझा गंज घासून निघाला, तेलाचा हात फिरला. आणि तिथेच मला सत्यशीला भेटली.

सत्यशीला जवळच्याच एका गावची, वय पस्तीस-छत्तीस. तिच्या गावातली निम्मी घरे दसरा झाला की ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’ म्हणतात. दोघे मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत घेत नाहीत. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने त्याच्या मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि फळीवरून चढत ट्रकात टाकायच्या. तीन वर्षांपूर्वी अशीच एक मोळी डोक्यावर असताना सत्यशीलाचा पाय फळीवरून घसरला. पडली नाही, पण कमरेत कळ आली आणि ती जी आली ती मुक्कामालाच राहिली.

तिने उपाय थोडे केले का? कुणी बिब्ब्याचा चटका दिला, त्याचे डाग अजून होते. कुणी कमरेला पट्टा दिला. जो तो सांगायचा, वाकू नको, जड उचलू नको, पडून राहा. ती बिचारी ऐकत गेली. खाली बांगडी पडली तरी लेक शाळेतून येईपर्यंत तिथेच पडलेली असायची. फोटो काढला तर हाडे सगळी जागच्या जागी. मग दुखते का, याचे उत्तर कुणी दिले नव्हते. गेल्या साली पट्टा बांधून ती फडात गेली आणि निम्म्यातच परत आली. तिच्या वाट्याच्या मोळ्या टोळीतल्या बाकीच्या बायकांनी ओढल्या.

म्हणून या साली मुकादम तानाजीने तिच्या नवऱ्याला आधीच सांगून ठेवले होते. कोयता पुरा पाहिजे. बायकोला जमत नसेल तर लेकीला घेऊन ये.

लेक म्हणजे संस्कृती. दहावीत होती.

मित्रांनो, पणाला काय लागले होते ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. सत्यशीलाची कंबर दसऱ्यापर्यंत उभी राहिली तर संस्कृती आजी मुक्ताबाईजवळ गावी राहून दहावी देणार होती. नाही राहिली तर दप्तर खुंटीला आणि कोयता हातात. नवरा अभिमन्यू वाईट माणूस नव्हता. लेकीचा विषय निघाला की तो उठून बाहेर जायचा. पण अर्ध्या कोयत्याने वर्ष कसे काढायचे, हे त्याला कुणी सांगत नव्हते.

पहिल्या सोमवारी मोहिनी मॅडमनी सत्यशीलापुढे एक रिकामी बादली ठेवली आणि उचला म्हणाल्या. ती नुसती बघत राहिली. तिच्या कपाळावर घाम आला. रिकाम्या बादलीसाठी घाम फुटलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिला खाली बसवले आणि समजावून सांगितले की तुमची पाठ मोडलेली नाही, ती काम विसरली आहे. तीन वर्षे तुम्ही तिला झोपवून ठेवलेत. आता तिला थोडे थोडे करून पुन्हा कामाला लावायचे. जाता जाता त्यांनी एक वाक्य सांगितले, ते पुढे त्या व्हरांड्यात शंभर वेळा बोलले गेले असेल.

“ताण आला तर घाबरू नका, ताई. कळ आली तर थांबा.”

मग रोजचे शिक्षण सुरू झाले. वाकायचे ते पाठीतून नाही, कमरेखालून. दोन्ही हातांत चारा असला की गोठ्याचे दार आपण बुडाने ढकलून लावतो ना, तसे बूड मागे न्यायचे. पाठ सरळ, छाती समोर, वजन दोन्ही पायांच्या मधोमध आणि उठताना जोर टाचांवर. आधी रिकामी बादली, मग तळाला पाणी असलेली. मग दोन किलोचा धाकटा, मग पाच किलोचा. घरी ती तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून तेच करायची. गावातल्या बायका म्हणायच्या, बघा बाई, कंबर दुखती आन् ही वाळू उचलत बसती. सत्यशीला ऐकून घ्यायची आणि आणखी एक मूठ वाळू टाकायची. दुखणे एका दिवसात गेले नाही. एखाद्या दिवशी सकाळी उठवत नसे. तरी ती सोमवार-गुरुवार चुकवत नसे, आणि गुरुवारी शाळा सुटली की संस्कृती तिच्या मागोमाग यायची.

श्रावण आला तोवर सत्यशीला दहा आणि पाच किलोची मापे गोणपाटाच्या पिशवीत घालून दहा दहा वेळा उचलू लागली होती. पट्टा घरी खुंटीवर गेला. पोळ्यापर्यंत पिशवीत सतरा किलो झाले. तिचा चेहरा उजळला होता. बांगडी पडली तर आता ती स्वतः वाकून उचलायची आणि ते मॅडमना मुद्दाम सांगायची.

आणि मग माझी पाळी आली.

मॅडम म्हणाल्या, सतरा झाले, आता वीस. सत्यशीला माझ्यापुढे पाय रोवून उभी राहिली, बूड मागे नेले, माझी कडी दोन्ही हातांनी धरली आणि उचलायला गेली. मी हललो नाही. तिने पुन्हा जोर लावला. मी जमिनीपासून बोटभर उठलो आणि परत आदळलो.

कसा हलणार? ती वीसच्या तयारीने आली होती आणि मी साडेएकवीस होतो. धाकटी तिन्ही मापे खरी होती. खोटा मी एकटा.

तिने कडी सोडली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. “माझी कंबर गेली ती गेलीच, म्याडम. सतराच्या फुडं माझं नशीब न्हाई.” मॅडम बुचकळ्यात पडल्या. आपलीच घाई झाली असे त्यांना वाटले. त्यांनी माझ्यावर कोरलेला आकडा पाहिला, तळाचा शिक्का पाहिला आणि विश्वास ठेवला. ज्याने आजवर सगळ्यांना तोलले त्याला तोलून बघावे, असे कुणाच्या मनात तरी का यावे? आणि मी काय करत होतो? गप्प होतो. त्या दिवशी मला माझ्या पोटातल्या शिशाचा जितका राग आला तितका पारड्यात असतानाही आला नव्हता. तेव्हा धान्य जात होते. आता एका मुलीची शाळा जात होती.

पण सत्यशीला पुढच्या गुरुवारी पुन्हा आली. मला ती तेव्हापासून आवडू लागली. तिने पुन्हा पिशवीपासून सुरुवात केली आणि शेवटी माझ्याकडे वळली. त्या दिवशी मी गुडघ्यापर्यंत गेलो. पुढच्या सोमवारी कमरेपर्यंत, एकदा. मग दोनदा. भाद्रपद सरला तेव्हा पाच वेळा. तिला वाटायचे, पाचच. मला वाटायचे, अगं बाई, तू काय उचलते आहेस हे तुला माहीत असते तर!

सुंदरराव रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दवाखान्यात येत. बाकावर बसून तिचे उचलणे बघत. एकदा संस्कृती त्यांच्या शेजारीच बसून भूमितीचे प्रमेय घोकत होती. त्यांनी तिला विचारले की आईला कितीपर्यंत पोचायचे आहे. तिने सांगितले, आबा, दहा वेळा. मुकादम बघायला येणार आहेत. नाही जमले तर मला जावे लागेल. हे सांगताना तिने वहीतून मानही वर केली नाही. सुंदरराव गोळ्या बाकावरच विसरून निघून गेले. खाई त्याला खवखवे म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिले.

दसऱ्याला चार दिवस उरले आणि तानाजी मुकादम आला. सोमवारची सकाळ होती. अभिमन्यू बरोबर होता. बाकांवर औषधाला आलेले पाच-दहा लोक होते, त्यांत सुंदररावही. संस्कृती शाळेच्या गणवेशातच आली होती. तानाजीने फार घोळ घातला नाही. अभिमन्यूला आधी कळवले होते तेच त्याने पुन्हा सांगितले: मोळी वीस किलोची भरते. वैनींनी वीस किलोचे माप दहा वेळा कमरेपर्यंत उचलून दाखवावे, मग कोयता पुरा धरू. एवढे बोलून तो बाकाकडे वळला.

“सुंदरतात्या, तुमीच मोजा. जल्मभर मोजलंय तुमी.”

सुंदररावांचा चेहरा पडला. पण इतक्या लोकांत नाही कसे म्हणणार? ते काठी टेकत पुढे आले. सत्यशीलाने पदर खोचला, पाय रोवले, बूड मागे नेले आणि माझी कडी धरली.

“लाभ,” सुंदरराव म्हणाले. कितीतरी वर्षांनी मी तो शब्द ऐकला.

दोन. तीन. चार. तिचे हात ताठ होते, पाठ सरळ होती, मी तिच्या मांड्यांना घासत वर जात होतो आणि अलगद खाली येत होतो. पाचवर तिने श्वास सोडला. सहा. सातव्या वेळी मी कमरेपर्यंत गेलो खरा, पण तिची बोटे सैल पडली होती. खाली आलो तेव्हा तिने कडी सोडून दिली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. सुंदररावांची मोजणी सातावरच थांबली.

तानाजी उठला. तो तिरसटपणे बोलला नाही, हे मी सांगितले पाहिजे. “वैनी, वाईट वाटून घेऊ नका. पर सातावर दिवस सरत न्हाई फडात. पोरीची तयारी करा.”

अभिमन्यू खाली बघत राहिला. संस्कृतीच्या हातात पेन होते. तिने त्याला टोपण लावले.

त्या टोपणाचा बारीकसा आवाज सुंदररावांनी ऐकला असावा. ते काठी सोडून माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“थांब तानाजी. हे माप ईसचं न्हाई.”

कुणाला काही कळले नाही. मॅडम म्हणाल्या, अहो, वर लिहिलेय ना वीस. सुंदररावांनी मान हलवली. “लिवलंय ते खोटं हाय. ह्याच्या पोटात दीड किलो शिसं मी ओतून घेतलंय. पंचवीस वर्सं झाली. म्या गप बसलो. आता न्हाई बसवत.”

 आत खोलीत माणसांची वजने घ्यायचा काटा होता. अभिमन्यूने मला उचलून त्यावर ठेवले. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी हजारो पोती तोलली, पण पोटात शिसे भरल्यापासून मला कुणी तोलत होते ते पहिल्यांदाच. मी अंग चोरून बसलो. काट्यावर लाल आकडे धावले आणि थांबले. एकवीस पूर्णांक पाच.

बाकावरचा एक म्हातारा शेतकरी हळूच म्हणाला, “तरीच. घरी मोजलेलं पोतं तुमच्या दारात कमी का म्हून भरायचं, मला कधी कळलंच न्हाई.” सुंदररावांनी त्याला हात जोडले. मग तिथल्या प्रत्येकाकडे वळून हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते पुसत नव्हते. म्हातारा मान फिरवून बसला. माझीही शरम त्या दिवशी चव्हाट्यावर आली. पण खरे सांगतो, इतके हलके मला कधीच वाटले नव्हते.

तानाजीने काट्याकडे पाहिले, मग सत्यशीलाकडे पाहिले. साडेएकवीस सात वेळा म्हणजे वीसचे दहा धरायला हरकत नाही, असे काहीतरी तो म्हणाला आणि निघायला लागला. पण सत्यशीलाने मला परत व्हरांड्यात आणायला सांगितले.

“न्हाई, भावजी. धा म्हणलं व्हतं, धाच.”

मोहिनी मॅडम पुढे झाल्या. त्यांनी तिच्या कमरेवर हात ठेवून विचारले, कळ आहे का?

“ताण हाय,” सत्यशीला म्हणाली. “कळ न्हाई.”

मॅडम बाजूला झाल्या. सुंदरराव बाकावर जाऊन बसले होते. म्हणून पुढचे आकडे संस्कृतीने मोजले.  आठ. मी वर गेलो, सगळे साडेएकवीस किलो, पोटातल्या शिशासकट. नऊ. दहा म्हणायच्या आधी ती पोर थांबली, कारण तिची आई मला कमरेशी धरून तशीच उभी होती, खाली ठेवतच नव्हती. सगळ्यांना नीट बघू देत होती.

“दहा,” संस्कृती म्हणाली.

सत्यशीलाने मला अलगद टेकवले. मग तानाजीला एक गोष्ट बजावली, मोळ्या बांधीन त्या माझ्या मापाच्या. मोठी एकदा न्यायची नाही, लहान दोनदा नेईन. मॅडमनी तिला ते आधीच पढवले होते. तानाजीने मान डोलावली. अभिमन्यू खांबाला टेकून उभा होता. तो लेकीजवळ आला आणि तिचे दप्तर तिच्या खांद्यावर अडकवले.

“जा,” तो म्हणाला. “शाळंला उशीर व्हतोय तुला.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ काही उचलले जाताना पाहिले आहे. पण त्या सकाळी त्या मुलीने दप्तर सावरून फाटकाबाहेर जी धाव घेतली, तिला कोणताही तराजू पुरला नसता. मला अभिमान वाटला. तिच्या आईचा तर वाटलाच, पण माझाही वाटला. ज्या शिशाने मी लोकांना लुबाडले, त्याच शिशामुळे त्या बाईला कळले की ती स्वतःला समजत होती त्याहून भारी आहे.

सुंदरराव दुसऱ्या दिवशी लोहार घेऊन आले. माझ्या पोटातले शिसे काढून टाकायचे, असे त्यांनी ठरवले होते. सत्यशीला फडाकडे जायच्या गडबडीतही आडवी आली. राहू द्या, मी साडेएकवीस उचललेत, मला वीसचे माप नको, असे म्हणाली. मग संस्कृतीने पांढऱ्या ऑइलपेंटने माझ्या छातीवरचा जुना आकडा बुजवला आणि त्यावर लिहिले, ‘२१॥’. आपल्या जुन्या पद्धतीने दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा. असे मी पुन्हा खरे माप झालो. सरकारी शिक्का नसेल, पण दहावीतल्या मुलीच्या हातचे अक्षर आहे.

सत्यशीला चैत्रात परत आली. दोन-तीनदा कंबर धरली होती, असे तिने मॅडमना सांगितले. तेवढे दिवस मोळी लहान केली, फडाच्या कडेला बूड मागे नेऊन वाकायचे धडे गिरवले आणि हंगाम पुरा केला. टोळीतल्या चार बायकांनाही तिने वाकायचे शिकवले. आता त्या चौघी सोमवारी तिच्याबरोबर येतात. सुंदररावही दर सोमवारी येतात, औषध असो वा नसो. बाकावर बसून मोजतात. पहिल्या वेळेला ‘लाभ’ म्हणतात. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने अजून त्यांच्याशी बोलायला सुरुवात केलेली नाही, पण तो शेजारच्या बाकावर बसतो.

तर मित्रांनो, जाता जाता तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या घरात कुणाची पाठ दुखत असेल तर तिला नुसती झोपवून ठेवू नका. जाणत्याला दाखवा, धीर द्या, रिकाम्या बादलीपासून सुरुवात करा. मी बारा वर्षे रिकामा पडलो होतो, म्हणून सांगतो, पडून राहिल्याने लोखंड गंजते, मग माणसाची काय कथा! आणि ताण आला म्हणून घाबरू नका. कळ आली तर थांबा.

संस्कृतीचे पेपर संपले आहेत, निकाल लागायचा आहे. गेल्या सोमवारी ती आईबरोबर आली होती. आई गप्पांत होती तेव्हा ती माझ्याजवळ आली, इकडे-तिकडे पाहिले, पाय रोवले, बूड मागे नेले आणि माझी कडी धरली. मी तिला फार त्रास दिला नाही. पण वजन मात्र रतीभरही कमी केले नाही, कारण आता मी खरा आहे.

मी जमिनीवरून उठलो आणि बाकावरून सुंदररावांचा आवाज आला, “लाभ.”

तुम्हीही या. उचलून बघा.